मेंढी जपायची की खिसा? पावसाळ्याआधी खर्च कुठं करावा

माण, खटाव, फलटणच्या डोंगरपट्ट्यात पाऊस जवळ आला की मेंढपाळांची बिऱ्हाडं गावाकडं वळतात. मेंढरांना सर्वात जास्त त्रास होतो तो याच दिवसांत, आणि हातात पैसा कमी असतो तोही याच दिवसांत. त्यामुळं खर्च कुठं करायचा अन् कुठं वाचवायचा, हे आधी ठरवावं लागतं.

पहिला खर्च लसीचा. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत हावरटासारखं खाल्लं की आंत्रविषार होतो. संध्याकाळी चांगलं असलेलं धडधाकट कोकरू सकाळी मरून पडलेलं दिसतं. उपचाराला वेळच मिळत नाही. म्हणून लस पाऊस सुरू होण्याआधीच टोचायची. पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, पुढं दरवर्षी एक. पीपीआरची लस मात्र एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. सरकारी दवाखान्यात आधीच नोंद केली तर सगळा वाडा एका दिवसात उरकतो.

वाचवायची जागा म्हणजे जंताचं औषध. दर महिन्याला सगळ्या मेंढरांना सरसकट औषध पाजलं तर पैसा जातो आणि पुढं जंत त्या औषधाला दाद देत नाहीत. डोळ्याची खालची पापणी उलटून बघावी. आतून लालभडक असेल तर रक्त पिणाऱ्या जंताचा त्रास नाही. पांढरट पडली असेल किंवा जबड्याखाली सूज असेल, तर त्या मेंढीला औषध द्यावं. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारूनच.

लोकरीला भाव नाही, कातरायची मजुरीही निघत नाही. म्हणून काहीजण कातरण टाळतात. पण भिजलेली लोकर लवकर वाळत नाही, उवा-गोचीड वाढतात, जखमेत अळ्या पडतात. मजुरी वाचते अन् मेंढी खंगते.

खुरांचं दुखणं चिखलातून येतं. वाडा उंचवट्यावर, मुरमाड जागेवर बसवला तर निम्मं काम फुकटात होतं. खूर धुवायला मोरचूद वापरत असाल तर ते पाणी मेंढरांना पिऊ देऊ नका. तांबं मेंढीला लवकर बाधतं.

व्यायला झालेली मेंढी लांब चारायला नेऊ नये. कोकराला तासाभरात चीक पाजावा. याला पैसा लागत नाही, माणूस जागेवर लागतो.

लंगडणारी मेंढी मागं पडते, पोटभर चरत नाही, बाजारात भाव पाडते. तिचं दुखणं मालकाच्या खिशापर्यंत पोचतंच, फक्त थोडं उशिरा.