सत्तावीस जानेवारी: गाणी आणि गावगप्पा

प्रजासत्ताक दिनाला सोसायटीच्या लाऊडस्पीकरवर ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लागतं आणि झेंडावंदनाला आलेला एखादा वक्ता हटकून सांगतो की, लताबाईंनी हे गाणं पहिल्यांदा गायलं ते २६ जानेवारीला, लाल किल्ल्यावर, युद्ध पेटलेलं असताना, जवानांना स्फुरण चढावं म्हणून. एका वाक्यात चार चुका, तरी टाळ्या पडतात.

गाणं झालं २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू होते. चीनने एकतर्फी युद्धबंदी लागू केली होती २१ नोव्हेंबर १९६२ला, म्हणजे बंदुका थंडावून दोन महिने उलटले होते. हिंदी सिनेमावाल्यांनी सैनिकांच्या मदतनिधीसाठी हा कार्यक्रम केला होता. आणि स्फुरण कसलं? ते गेलेल्यांसाठी धरलेलं सुतक आहे. चालही चढाईची नाही. २६ तारीख बहुधा दरवर्षीच्या लाऊडस्पीकरनेच चिकटवली असावी. मोठा दिवस शेजारच्या दिवसाला गिळतो.

हे कुठल्या सिनेमातलं, असंही विचारतात. कुठल्याच नाही. कवी प्रदीप यांनी ते स्वतंत्रपणे लिहिलं आणि चाल दिली सी. रामचंद्रांनी. गंमत म्हणजे दोघंही रामचंद्रच: एक उज्जैनजवळच्या बडनगरचे रामचंद्र द्विवेदी, दुसरे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. ‘अनारकली’ आणि ‘अलबेला’ देणारे आपले अण्णा ते हेच. गाणं मात्र जगभर ‘लताचं’ म्हणूनच ओळखलं जातं. तिच्या आवाजापुढे ते साहजिकही आहे, पण पुणतांब्याच्या माणसाचं नाव एवढं मागे पडावं याचं मला वाईट वाटतं.

महिनोन्महिने तालीम झाली असेल, असंही आपण गृहीत धरतो. लताबाईंच्याच सांगण्यानुसार अण्णा आधीच दिल्लीला निघून गेले होते. अण्णांनी दिलेली टेप ऐकत लताबाईंनी चाल बसवली. नेहरू ‘ढसाढसा रडले’ या गोष्टीचा पायाही त्यांनीच सांगितलेली एक छोटी भेट आहे. गाणं संपल्यावर मेहबूब खान त्यांना पंडितजींकडे घेऊन गेले आणि ‘तू मला रडवलंस’ अशा अर्थाचं काहीतरी पंडितजी म्हणाले. हुंदके वगैरे ही पुढच्या कथेकऱ्यांची भर.

प्रदीप यांनी या गाण्याची रॉयल्टी युद्धात वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींसाठी देऊन टाकली होती. ते पैसे आपोआप पोचत राहिले, असं कोणाला वाटत असेल तर तेही चूक. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला दहा लाख रुपये भरायला सांगितले. तोवर प्रदीप जाऊन सात वर्षं होत आली होती.

श्रेय गाणाऱ्याकडे सरकतं हे परदेशातल्या २७ जानेवारीलाही दिसतं. एल्विस प्रेस्लीचं ‘हार्टब्रेक होटेल’ याच तारखेला, १९५६ मध्ये, बाजारात आलं. अनेकांना ती त्याची पहिली रेकॉर्ड वाटते. पहिली त्याआधी दीड वर्ष, १९५४च्या जुलैत, मेम्फिसच्या सन कंपनीने काढली होती. शिवाय तबकडीवर गीतकार म्हणून एल्विसचंही नाव आहे. लिहिणारे होते मे ॲक्स्टन आणि टॉमी डर्डन. त्याने गाणं घ्यावं म्हणून त्याला वाटा दिला गेला.

जॉन लेननने ‘इन्स्टंट कर्मा’ एका दिवसात लिहून, रेकॉर्ड करून, विकायलाही आणलं म्हणतात. पहिली दोन कामं २७ जानेवारी १९७०चीच. दुकानात यायला ६ फेब्रुवारी उजाडला, आणि तेही कमी नाही.

मायकेल जॅक्सनच्या बाबतीत मात्र अफवांचा कहर आहे. २७ जानेवारी १९८४ला लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये पेप्सीच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. आतषबाजी वेळेआधी उडाली, केसांनी पेट घेतला, आणि तो क्षणभर तसाच नाचत राहिला. भाजली ती डोक्याची त्वचा. ‘चेहरा जळाला म्हणून प्लास्टिक सर्जरी, सर्जरीमुळे गोरेपणा’ ही पानटपरीवरची साखळी कुठेच जुळत नाही. नाकाची पहिली शस्त्रक्रिया त्याआधीच झालेली होती, आणि रंग गेला तो कोडामुळे. शवविच्छेदनाच्या अहवालात तशी नोंद आहे. भरपाईचे पंधरा लाख डॉलर त्याने उपचार करणाऱ्या रुग्णालयाला भाजलेल्या रुग्णांसाठी दिले, हे मात्र त्या टपरीवर कोणी सांगत नाही.

आणि अमेरिकन लोकगायक पीट सीगर. २७ जानेवारी २०१४ला, ९४व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तो गेला, तेव्हा ‘हम होंगे कामयाब’चा मूळ कर्ता गेला असं बऱ्याच जणांनी म्हटलं. हिंदी रूप गिरिजाकुमार माथुरांचं. मूळ इंग्रजी गाण्याचा उगम सहसा एका चर्चगीताकडे नेला जातो: कृष्णवर्णीय पाद्री चार्ल्स टिंडली यांचं, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. १९४५-४६ मध्ये चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगार बायका संपात ते गात होत्या. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर शाळेच्या झिल्फिया हॉर्टनकडे आलं आणि तिने सीगरला शिकवलं. सीगरने शब्दांत थोडा बदल केला, कडवी जोडली आणि गावोगाव गायलं. पुढे गाय कॅरावानने ते १९६०च्या विद्यार्थी चळवळीत नेलं. हक्काच्या कागदावर सीगरसह चौघांची नावं होती. त्या संपातल्या एकाही बाईचं नाव त्यात नव्हतं. २०१८ मध्ये एका दाव्यात तडजोड झाली आणि गाणं सर्वांसाठी मोकळं झालं.

याच सीगरने १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलनच्या इलेक्ट्रिक गिटारची वायर तोडायला कुऱ्हाड उगारली, अशी कथा आहे. त्याचा स्वतःचा खुलासा साधा होता: आवाज इतका फाटत होता की शब्द कळेनात, म्हणून हातात कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती, असं तो साऊंडवाल्यांवर ओरडला. राग लाऊडस्पीकरवर होता.