कवटी एक, नावे तीन
(लेखांक सहावा)

उमापूरहून उत्तरेला गोदावरी गाठली की मुंगी-पैठणचा पट्टा लागतो. १८६५ साली भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागातल्या वाइन नावाच्या अधिकाऱ्याला मुंगीजवळ, नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात, अकीक दगडाचा एक छिलका मिळाला. तो कुणीतरी मुद्दाम घडवलेला होता. मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दगडी हत्यार ओळखले, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढे ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी नाशिकजवळचे गंगापूर, प्रवरेकाठचे नेवासे असा शोध घेतला. नेवाशाजवळच चिरकीला गुद्रून कॉर्व्हिनस यांनी उत्खनन केले. हातकुऱ्हाडी भरपूर मिळाल्या. त्या घडवणारा माणूस कसा दिसत होता, हे मात्र दगड सांगत नाही. एकाच घडणीच्या हातकुऱ्हाडी आफ्रिकेत आणि युरोपात वेगवेगळ्या मानवजातींनी वापरल्या, त्यामुळे हत्यारावरून जात ठरवता येत नाही. त्यासाठी हाडच लागते.

ते मिळाले नर्मदेत. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूशास्त्रज्ञ अरुण सोनाकिया यांना मध्य प्रदेशातल्या हथनोरा गावाजवळ कवटीचा वरचा भाग सापडला. उजवी बाजू बऱ्यापैकी शाबूत, डावीचा थोडा तुकडा. चेहरा नाही, दात नाहीत, जबडाही नाही. सोनाकियांनी तिला ‘होमो इरेक्टस नर्मदेन्सिस’ म्हटले. हाड जाड, भुवईवरचा उंचवटा ठळक. जावातल्या इरेक्टस या प्राचीन मानवजातीशी साम्य होते. जावाच का? १८९१ मध्ये युजीन द्युब्वा यांना त्रिनिलला मिळालेले कवटीचे टोपण हा इरेक्टसचा प्रमाण-नमुना आहे. प्रत्येक जातीला असा एक नमुना असतो आणि नवे हाड आधी त्याच्याशी ताडून पाहतात.

पण ताडताना काय पाहायचे? खरा वाद इथेच आहे. केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तीच कवटी पुन्हा मोजली. मेंदूच्या पोकळीचा अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर निघाला. अपुऱ्या कवटीवरून याहून नेमका आकडा निघणे कठीण. बहुतेक इरेक्टस कवट्यांपेक्षा हा मोठा आहे, आणि आजच्या माणसाची सरासरी साधारण १३५० धरतात. म्हणून त्यांनी तिला ‘प्राचीन सेपियन्स’ ठरवले. जाड हाड आणि भुवईचा उंचवटा ही जुनी ठेवण आहे. पूर्वजांपासून आलेली ती अनेक शाखांत टिकून राहते, त्यामुळे तिच्यावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. नाते ठरते ते नव्याने आलेल्या, सामाईक वैशिष्ट्यांवरून. पुढे काहींनी ‘होमो हायडेलबर्गेन्सिस’ हे तिसरे नावही सुचवले. मग २००७ मध्ये शीला अत्रेय यांनी जगभरच्या कवट्यांच्या मोजमापांशी संख्याशास्त्रीय पद्धतीने तिची तुलना केली आणि ठरावीक नावात ती बसवण्याचा आग्रह नको, असा कौल दिला. मला हे मत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. नाव न देणे हेही वर्गीकरणातले एक उत्तर आहे, पण वर्तमानपत्राच्या मथळ्याला ते पुरत नाही, हेही खरे.

अडचण वयाचीही आहे. कवटी होती गोट्यांच्या थरात, आणि नदी जुने उकरून नव्यात मिसळते. त्याच थरातले हत्तीचे किंवा बैलाचे हाड तिच्याच काळातले आहे, असे डोळे मिटून म्हणता येत नाही. वय हलले की कवटीचे वंशवृक्षातले स्थानही हलते.

दगड आणि हाडाचा आकार यांनंतर आता प्रयोगशाळा तिसरा साक्षीदार आणतात: प्रथिने. चीनमधल्या हार्बिनच्या कवटीला २०२१ मध्ये ‘होमो लोंगी’ हे नवे नाव मिळाले होते. २०२५ मध्ये तिच्यातल्या प्रथिनांनी ती डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाची असल्याचे दाखवले. आपल्याकडच्या उष्ण हवेत प्राचीन डीएनए टिकणे अवघड, प्रथिने त्यामानाने चिवट. ती हाडातून कशी काढतात आणि त्यांवरून नाते कसे वाचतात, ते पुढच्या आठवड्यात.