उसना तक्ता, स्वतःची सही

शेअर विश्लेषकाने दुसऱ्याच्या अहवालातला तक्ता उचलला आणि खाली स्रोत दिला नाही, तर तो नुसता आळशीपणा ठरत नाही. गुंतवणूक व्यावसायिकांच्या सीएफए इन्स्टिट्यूट या संस्थेच्या आचारसंहितेत वाङ्मयचौर्य दिशाभूल करणाऱ्या मांडणीच्याच कलमात, म्हणजे १(सी) मध्ये येते. गुंतवणूकदार विश्लेषकाच्या मताच्या भरवशावर पैसे लावतो; ते कोणाच्या अभ्यासातून आले, हे त्याला कळायला हवे. वाक्ये फिरवून लिहिली तरी सुटका नाही. ‘काही जाणकारांच्या मते’ हा मोघमपणा तर मला सर्वांत लबाड वाटतो. मान्यताप्राप्त सांख्यिकी संस्थांची निव्वळ आकडेवारी मात्र स्रोत न सांगता वापरता येते. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा अहवाल कंपनी पुढे वापरू शकते, कारण तो कंपनीचा. पण त्याच्या जागी आलेल्याने तोच अहवाल निव्वळ आपल्या नावावर खपवायचा नाही.

परताव्याची हमीही याच कलमात येते. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, हे सांगणे खरे. शेअरवर ‘१५ टक्के नक्की’ म्हणणे खोटे, मग पुढे ते १५ टक्के मिळाले तरीही. बाजार नियामक सेबीलाही अशी हमी चालत नाही.