कान देऊन पाहायचा खेळ

कर्लिंगचा सामना लावलात तर आधी टीव्हीचा आवाज वाढवा. बर्फावर दगड सरकवण्याचा हा खेळ आवाज बंद करून पाहिला तर दहा मिनिटांत कंटाळा येईल. ऐकत पाहिला तर अडीच-तीन तास कसे जातात ते कळत नाही. कारण इथे खेळाडू आपला विचार मोठ्याने बोलून दाखवतात, एकमेकांशी वाद घालतात, आणि ते सगळं प्रेक्षकाच्या कानावर पडतं.

मी नागपूरची. आयुष्यभर शाळेत खो-खो आणि कबड्डी शिकवली. मार्च २०२३मध्ये लेकीकडे कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरात होते, आणि नेमका तेव्हाच तिथे ‘ब्रायर’ भरला होता. ब्रायर ही कॅनडाची पुरुषांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा, १९२७पासून चालत आलेली. त्या वर्षी अठरा संघ होते. बुडवायझर गार्डन्स या बंदिस्त स्टेडियममध्ये (आता त्याचं नाव कॅनडा लाइफ प्लेस) बर्फाच्या चार लांब पट्ट्यांवर एकाच वेळी चार सामने चालू होते. कुणीकडे बघावं तेच समजेना. लेक म्हणाली, “आई, चारही बघत बसू नकोस. एक संघ धर आणि त्याच्या स्किपवरची नजर हलवू नकोस.” नव्याने पाहणाऱ्या कुणालाही मी आज हेच सांगते.

स्किप म्हणजे संघनायक. तो पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, बर्फात रंगवलेल्या वर्तुळांपाशी उभा असतो. या वर्तुळांना हाउस म्हणतात. व्यास ३.६६ मीटर, आणि मधोमध बटन. स्किप आपला ब्रश बर्फावर टेकवून निशाण दाखवतो. अलीकडच्या टोकाचा खेळाडू गुडघ्यात वाकून, घसरत पुढे येत, त्या निशाणावर दगड सोडतो. दगड ग्रॅनाइटचा, वजनाने १७ ते २० किलोच्या दरम्यान. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या निर्जन बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. खेळही मूळचा स्कॉटलंडचाच.

दगड सोडताना त्याला हलका पीळ देतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तर तो जाता जाता उजवीकडे वळतो, उलटा फिरवला तर डावीकडे. नेमका का वळतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सामन्याआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात. त्या दाण्यांवरून दगड त्याच्या बुडाच्या एका अरुंद कड्यावर पुढे जातो. दगडापुढे दोघे जण ब्रशने बर्फ घासत धावतात, तेव्हा पृष्ठभाग किंचित तापतो आणि घर्षण कमी होतं. दगड जास्त लांब जातो आणि कमी वळतो. हातातून सुटलेल्या दगडाची वाट अशी शेवटपर्यंत सुधारता येते.

म्हणूनच दगड सुटल्यावर खरी बोलाचाली सुरू होते. काम वाटून घेतलेलं असतं. दगड किती वेगाने चालला आहे ते घासणारे सांगतात, रेषेत आहे की नाही ते स्किप सांगतो. घासणारे ओरडतात, “हाउसपर्यंत पोचेल!” पलीकडून स्किप ओरडतो, “हार्ड! हार्ड!” म्हणजे जीव तोडून घासा. मग एकदम “नको, थांबा!” आणि ब्रश हवेत. हे सगळं वीस-पंचवीस सेकंदांत. पहिल्यांदा मला तो नुसता गोंगाट वाटला. कोण कशाबद्दल ओरडतोय हे उमगलं, तेव्हा कुठे खेळ दिसायला लागला.

गुणांचा हिशेब सोपा आहे. दोन संघ, प्रत्येकी आठ दगड, आळीपाळीने. सोळा दगड झाले की एक ‘एंड’ संपला. ज्याचा दगड बटनाच्या सर्वांत जवळ, गुण फक्त त्याच संघाला. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत असलेला त्याचा प्रत्येक दगड एक गुण देतो. मोठ्या स्पर्धांत असे दहा एंड. कॅरममध्ये सोंगटी खिशात गेली की तिचा प्रश्न मिटला. इथे मात्र टाकलेला दगड तिथेच राहतो, पुढच्याला आडोसा देतो किंवा अडचण करतो.

आता खरी मेख. एंडमधला शेवटचा दगड ज्याच्याकडे, त्याच्याकडे ‘हॅमर’. एका संघाला गुण मिळाले की पुढच्या एंडला हॅमर समोरच्या संघाकडे असतो. म्हणून हॅमर हातात असताना एकच गुण घेणं परवडत नाही, निदान दोन हवेत. दोन मिळत नसतील तर संघ मुद्दाम हाउस रिकामं करून शून्यावर एंड संपवतो आणि हॅमर राखून ठेवतो. गुण सोडून दिलेला पाहिला आणि शेजारच्या आजींनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी चक्रावले. पुढच्या एंडला त्याच संघाने दोन घेतले आणि हॅमरचं मोल ध्यानात आलं.

अशा वळणावर संघातले चौघे काय बोलतात ते ऐकावं. समोरच्याचा दगड अर्धा लपलेला, आपला एकच दगड शिल्लक. वळसा घालून बटनावर जायचं, की त्याला धडक देऊन बाहेर काढायचं? एक म्हणतो, ही बाजू आता जास्त वळतेय. दुसरा म्हणतो, चुकलो तर दोन देऊन बसू. सगळ्यात कमी अनुभवाचा खेळाडूही बोलतो आणि स्किप ऐकून घेतो. विचारासाठी वेळ बांधलेला असतो, दहा एंडना मिळून प्रत्येक संघाला ३८ मिनिटं. त्यामुळे वाद लांबत नाही, निकाली निघतो. इतकी वर्षं मैदानावर मुलांना मी सांगत आले की कप्तानाने आधी ऐकावं. इथे ते डोळ्यांदेखत घडत होतं.

प्रामाणिकपणाही तसाच उघड असतो. धावत्या दगडाला चुकून ब्रश लागला तर ज्याचा लागला त्यानेच सांगायचं, पंचांची वाट पाहायची नाही. जिंकण्याची आशा उरली नाही असं दिसलं की संघ शेवटच्या एंडची वाट न पाहता हात पुढे करतो आणि हार मान्य करतो. प्रेक्षक दोन्ही संघांच्या चांगल्या दगडाला दाद देतात.

प्रत्यक्ष पाहावं की घरी? स्टेडियममध्ये उंचावरून दगडांची सगळी मांडणी दिसते, पण लांबचं बोलणं नीट ऐकू येत नाही. आसपासचे काही जण कानात प्रक्षेपण लावूनच बसले होते. सोबत स्वेटर हवाच, आत गारवा असतो. अंतिम सामना आम्ही घरी पाहिला. खेळाडूंच्या अंगावर माइक असल्याने शब्दन्‌ शब्द कळत होता. २००६च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या ब्रॅड गशूच्या संघाने मॅनिटोबाच्या मॅट डन्स्टनच्या संघाला ७-५ असं हरवलं. गशूचा तो पाचवा ब्रायर.

कर्लिंगला बर्फावरचं बुद्धिबळ म्हणतात. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. शांत, विचाराचा खेळ श्वास रोखून पाहता येतो हे तेव्हा आपण अनुभवलं आहे. फरक इतकाच, की पटावर खेळाडूच्या मनात काय चाललंय याचा अंदाज समालोचक बांधतो. इथे खेळाडू स्वतः सांगतो.

फेब्रुवारी २०२६मध्ये इटलीतल्या कॉर्तिनात ऑलिंपिकचं कर्लिंग झालं, १९५६च्या खेळांसाठी उभारलेल्या स्टेडियममध्ये. हिवाळ्यात इटली आपल्यामागे साडेचार तास, त्यामुळे तिथलं दुपारचं सत्र आपल्याकडे संध्याकाळी दिसतं. ऑलिंपिक चार वर्षांनी येतं, जागतिक स्पर्धा मात्र दरवर्षी वसंतात असते. आपल्याकडे तेव्हा ऊन तापू लागलेलं असतं आणि परीक्षा संपून मुलं घरात असतात. त्यांना घेऊन बसा. शेवटच्या दगडाआधी चित्र थांबवा आणि विचारा, “तू स्किप असतास तर काय केलं असतंस, आणि का?” मग चित्र सुरू करून त्या चौघांचं ऐका. मुलांचं उत्तर चुकलं तरी चालेल, पण ‘का’ सांगायची सवय लागली पाहिजे. ती लावणारा इतका चांगला खेळ मला दुसरा माहीत नाही.