ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं? डिस्क, वॉरंटी आणि जॉब कार्डवरचा आकडा

हा भाग लोकलमध्ये अर्धाच ऐकला आणि तेवढ्यात अंधेरी आलं, असं ज्यांचं झालं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. बोरिवलीतून येवो नाहीतर मुलुंडमधून, प्रश्न साधारण एकच असतो: "गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं. हायवेला ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात डिस्क बेंड झालीय, पण ब्रेक वॉरंटीत येत नाही. पैसे भरायचे का?"

लगेच भरू नका. 'बेंड' या शब्दावर वाद घालूनही काही मिळणार नाही. आधी मोजमाप करायला लावा आणि तो आकडा जॉब कार्डवर घ्या. असं का, ते आता बघू.

आधी खात्री करा: थरथर ब्रेकचीच आहे ना?

सकाळी लवकर ईस्टर्न किंवा वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला जा. मागे गाडी नाही हे बघा आणि वेगमर्यादेत राहूनच हे करा.

ब्रेक न लावता ठरावीक वेगाला स्टेअरिंग हलत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर तपासा. तिथे डिस्कचा दोष असण्याची शक्यता कमी.

हलका ब्रेक लावल्यावरच स्टेअरिंग हलायला लागलं, तर बोट पुढच्या डिस्ककडे जातं. स्टेअरिंग शांत आहे पण सीट आणि पेडल धडधडतंय, तर मागचे ब्रेक बघायचे. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात, आणि ड्रमही गोलाईतून जाऊ शकतो.

आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली टरटर करतं, ते एबीएस. ते त्याचं काम करतंय. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला जायची गरज नाही.

'बेंड' डिस्क बहुतेक वेळा बेंड नसतेच

डिस्क असते बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची. ती तव्यासारखी वाकडी होते असं आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते.

पहिली: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी किंचित जाड, दुसऱ्या जागी किंचित पातळ. हा फरक ०.०२ मिलिमीटर असला तरी पायाला आणि हाताला जाणवू शकतो. आपला केस याच्या तिप्पट जाड असतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघून "डिस्क ओके आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

दुसरी: पॅडचा थर डिस्कवर एखाद्या जागी चिकटलेला असतो. ब्रेक खूप तापलेले असताना गाडी थांबवून पाय पेडलवर दाबून ठेवला, की पॅडचा ठसा तिथे बसतो.

आता यातला खरा महत्त्वाचा भाग. जाडीतला फरक येतो कुठून? अनेकदा डिस्क हबवर अगदी सरळ बसलेली नसते. हबच्या तोंडावर गंज असतो, मध्ये कचरा अडकलेला असतो, किंवा हबच किंचित वाकडा असतो. मग चाक फिरताना डिस्क लटपटते आणि प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला घासत राहते, ब्रेक लावलेला नसतानासुद्धा. ती जागा हळूहळू झिजते. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. काही हजार किलोमीटर झाले की थरथर सुरू होते.

वॉरंटीच्या भांडणाचं मूळ इथे आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं, "इतके किलोमीटर चाललीय, झीज आहे." पण ती झीज पहिल्या दिवसापासून वाकड्या बसलेल्या भागामुळे झाली असेल, तर ती नेहमीची झीज कशी?

मुंबईत हे का वाढतं

एक, घाट. पुण्याहून येताना खंडाळ्याचा उतार ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात, तर डिस्क प्रचंड तापते. त्यानंतर खालापूर टोलनाक्याच्या रांगेत पेडल घट्ट दाबून उभे राहिलात, की ठसा बसायला उत्तम परिस्थिती. उताराला खालचा गिअर ठेवा, इंजिनला गाडी धरू द्या.

दोन, पावसाळा आणि उभी गाडी. रात्रीच्या पावसानंतर सकाळी डिस्कवर दिसणारा केशरी गंज चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण गणपतीला आपण गावी गेलो आणि गाडी बिल्डिंगखाली पंधरा दिवस भिजत उभी राहिली, तर पॅडखालच्या जागेवर वेगळा डाग पडतो. तो कधी जातो, कधी राहतो.

तीन, पंक्चरचं दुकान. हवेच्या गनने धडाधड नट आवळले जातात. एक नट जास्त, एक कमी. या असमान ताणामुळेही डिस्कची बसण कलते. चाक काढलं की नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने आवळून घ्या. किती टॉर्क, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

हे मुद्दे सर्व्हिस सेंटरलाही माहीत असतात. "साहेब, तुम्ही बाहेर चाक उघडलंय का?" हा प्रश्न येणारच. खरं काय ते सांगा.

वॉरंटीच्या पुस्तकात काय शोधायचं

"तीन वर्षं वॉरंटी" ऐकून आपण निर्धास्त होतो. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून डिलिव्हरी झालेल्या गाड्यांना ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी स्टँडर्ड वॉरंटी दिली. पण कुठल्याही कंपनीचं वॉरंटी बुकलेट उघडा, त्यात काय कव्हर होत नाही याची वेगळी यादी असते. ब्रेक पॅड, ब्रेक शू, क्लच प्लेट, वायपर ब्लेड हे भाग सहसा त्यात सापडतात.

तीन गोष्टी शोधा. डिस्कचं नाव यादीत स्पष्ट आहे, की फक्त पॅड आणि लायनिंगचं? 'नेहमीची झीज' वगळलीय, की तो भाग कुठल्याही कारणाने खराब झाला तरी वगळलाय? आणि हब, व्हील बेअरिंग, कॅलिपर यांचं काय? हे भाग सहसा झिजणाऱ्या भागांमध्ये धरत नाहीत. म्हणजे दोष हबमध्ये निघाला, किंवा कॅलिपर अडकून पॅड सतत घासत होता असं निघालं, तर "ब्रेक वॉरंटीत येत नाही" हे वाक्य तिथे लागू पडत नाही.

काउंटरवर काय बोलायचं

सर्व्हिस ॲडव्हायझर तुमचा शत्रू नाही. दिवसभरात त्याच्यासमोर पंचवीस गाड्या असतात. आवाज चढवू नका, नेमकं बोला.

"दादा, वेगात असताना हलका ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं, हे जॉब कार्डवर असंच लिहा. 'ब्रेक चेक' एवढंच नको."

"टेस्ट ड्राइव्हला मी सोबत येतो."

"डिस्क हबवर असतानाच डायल गेज लावून लटपट किती आहे ते मोजा. आणि मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी जाडी मोजा. दोन्ही आकडे आणि कंपनीची मर्यादा कार्डवर लिहून द्या."

लटपटीची मर्यादा बऱ्याच गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो मागा. किमान जाडी तर बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते.

नंतर विचारा, डिस्क काढून हबचं तोंड साफ करून पुन्हा मोजलं का? डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवून पाहिली का? एवढ्यावरही कधीकधी लटपट मर्यादेत येते. जाडी पुरेशी असेल तर डिस्क लेथवर घासून सारखी करता येते. बदलायचीच वेळ आली तर एकाच एक्सलच्या दोन्ही डिस्क बदला, पॅडही नवे टाका. पण हब न मोजता नुसत्या नव्या डिस्क टाकल्या, तर काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा त्याच काउंटरवर उभे असाल. तेव्हा कदाचित वॉरंटी संपलेली असेल.

म्हणून पहिली तक्रार मुदतीच्या आत कागदावर आलेली असणं फार महत्त्वाचं. तोंडी सांगितलेली तक्रार कुठेच नसते.

"नाही" म्हणाले तर

नकार लेखी मागा. वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नाही, ते लिहून द्या म्हणायचं. देत नसतील तर त्याच संध्याकाळी ईमेल करा: आज अमुक तारखेला असं सांगितलं गेलं. तो मेल डीलर आणि कंपनी दोघांनाही पाठवा.

दोघांना का? २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. २०११ चं मॉडेल म्हणून डीलरने २००९ ची गाडी दिली, अशी तक्रार होती. कोर्टाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरच्या त्या वागण्याशी कंपनीचा संबंध दाखवला गेला नव्हता. आपल्यासाठी धडा असा, की डीलरने केलेली चूक आपोआप कंपनीची होत नाही. कंपनीला वेळेवर कळवल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग गाडी कुठूनही घेतलेली असो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हे सगळं मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं आणि त्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. ऑनलाइनही दाखल करता येतं. ५ ते १० लाखांच्या गाडीसाठी फी २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

अपेक्षा मात्र वास्तवातल्या ठेवा. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात, क्लचच्या तक्रारीवर, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वॉरंटी म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणं. त्यावरून अख्खी नवी गाडी मागता येत नाही. म्हणून मागणी नेमकी ठेवा: हब आणि डिस्क बदलून द्या, भरलेले पैसे परत करा. भाग सदोष आहे का हे तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण त्याला वेळ जातो. एकदाच्या किरकोळ खर्चासाठी हा रस्ता धरायचा का, ते तुम्ही ठरवा. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली असेल तर जरूर धरा.

बाहेरच्या गॅरेजला नेलं तर वॉरंटी जाते का?

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. त्या आदेशात म्हटलं होतं, की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, त्यामुळे काउंटरवर हा आदेश हुकमी एक्का समजून टाकू नका. व्यवहाराचा सल्ला एवढाच: वॉरंटी चालू आहे तोवर बाहेर फक्त मोजून घ्या, आकडे लिहून घ्या, आणि ब्रेक उघडायचं काम अधिकृत ठिकाणी करा.

आणि एक. थरथर वाढत चाललीय, पेडल खोल जातंय किंवा गाडी एका बाजूला ओढतेय, तर वॉरंटीचं भांडण नंतर. फोटो काढा, जुने भाग स्वतःकडे मागून घ्या आणि ब्रेक आधी दुरुस्त करा.

तुमच्या जॉब कार्डवर नेमकं काय लिहिलंय, ते आम्हाला व्हॉइस मेसेजने कळवा. फोटो पाठवलात तर नंबर प्लेट आणि मोबाइल नंबर झाका. भेटू पुढच्या भागात!