टायरच्या हवेचा पिवळा दिवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर-मूल रस्ता, ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे जाणारी वाट किंवा आलापल्ली ते भामरागड हा सुमारे ६५ किलोमीटरचा टप्पा. इथे गाडी अडली तर दोन्ही बाजूंना जंगल असते, अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि पंक्चरचे दुकान पुढच्या मोठ्या गावातच सापडते. अशा वेळी डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारख्या खुणेत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला, तर तो काय सांगतो हे चालकाला नीट ठाऊक हवे. टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी ही यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही येते. तिच्याविषयीचे काही समज मात्र जिवावर बेतणारे आहेत.

गैरसमज : दिवा लागलेला नाही, म्हणजे हवा बरोबर आहे.

वस्तुस्थिती : दिवा उशिरा लागतो. ठरलेल्या दाबापेक्षा हवा अमेरिकी नियमांनुसार २५ टक्के, तर युरोपीय नियमांनुसार साधारण २० टक्के कमी झाली की इशारा मिळतो. म्हणजे ३३ पीएसआय हवा लागणाऱ्या टायरमध्ये २५-२६ उरेपर्यंत दिवा गप्प राहू शकतो.

शिवाय ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. दुसऱ्या प्रकारात चाकात सेन्सरच नसतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन जास्त वेगाने फिरते आणि एबीएस यंत्रणा तो फरक टिपते. चारही टायरांतली हवा सारखीच उतरली, तर या दुसऱ्या प्रकाराला ते सहसा कळत नाही.

गैरसमज : उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही.

वस्तुस्थिती : हे नेमके उलटे आहे आणि आपल्या भागात सर्वांत घातक आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा उठते. तार सतत वाकवली की गरम होते, तसेच रबर आतून तापते. या उष्णतेने थर सुटतात आणि टायर फुटतो.

टीपीएमएसचा कायदाच अशा अपघातांतून आला. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच टायर फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते आणि अ‍ॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत ते अधिक प्रमाणात निकामी झाले होते. टायरच्या रचनेतल्या दोषांबरोबर त्या गाडीसाठी सांगितलेला २६ पीएसआय हा कमी दाबही वादाचा मुद्दा ठरला. त्याच वर्षी तिथे झालेल्या कायद्यातून पुढे नव्या गाड्यांत टीपीएमएस सक्तीचे झाले.

गाडीसाठी ठरवून दिलेला दाब थंड टायरचा असतो. चालल्यावर तो चार-पाच पीएसआयने वाढणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते. म्हणून तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. हा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर मिळतो. टायरवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तेवढी हवा भरायची नसते.

गैरसमज : थंडीत पहाटे दिवा लागतो आणि नंतर विझतो, म्हणजे सेन्सर खराब आहे.

वस्तुस्थिती : बहुधा सेन्सर खरेच सांगत असतो. तापमान १० अंशांनी उतरले की कारच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. मे महिन्यात भर दुपारी ३३ वर भरलेली हवा डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे २८ च्या आसपास येते. त्यात दर महिन्याला एखादा पीएसआय आपोआप कमी होतोच. गाडी चालली, टायर तापला की दाब वाढतो आणि दिवा विझतो. हवा मात्र कमीच असते.

गैरसमज : नायट्रोजन भरला की तपासण्याची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापमानाप्रमाणे दोन्हींचा दाब जवळपास सारखाच बदलतो. नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, एवढाच फायदा. रस्त्यात गरज पडली तर त्यात साधी हवा बिनधास्त भरा.

गैरसमज : रिसेट केले, दिवा गेला, काम झाले.

वस्तुस्थिती : सेन्सर नसलेल्या यंत्रणेत रिसेट म्हणजे ‘आत्ताचा दाब योग्य समज’ असा गाडीला दिलेला आदेश. कमी हवेवर रिसेट केलेत, तर गाडी तोच दाब बरोबर मानते. आधी थंड टायरमध्ये हवा भरावी, मग रिसेट करावे.

दिवा कसा लागतो तेही पाहा. स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. बहुतेक गाड्यांत सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झालेला दिवा म्हणजे यंत्रणेतच बिघाड. त्यात सेन्सरची बॅटरी संपणे हे नेहमीचे कारण. ती साधारण ५ ते १० वर्षे टिकते आणि बहुतेक सेन्सरमध्ये बदलता येत नाही. नवा सेन्सर बसवून गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते. तोवर हवा मोजून गाडी चालवता येते.

गैरसमज : सेन्सरचे चाक साधा पंक्चरवाला उघडूच शकत नाही.

वस्तुस्थिती : उघडू शकतो, पण काम सुरू होण्याआधी त्याला सांगा, ‘भाऊ, या चाकात सेन्सर आहे.’ टायर रिमपासून सोडवताना दाब व्हॉल्व्हजवळ दिला तर सेन्सर तुटतो. हा दाब व्हॉल्व्हपासून दूर द्यावा लागतो. टायर न उतरवता पट्टी लावायची असेल, तर सेन्सरला सहसा धक्का लागत नाही.

अॅल्युमिनियमच्या सेन्सर व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालू नये. दोन धातूंमध्ये ओल शिरली की गंज धरतो आणि पिन अडकून बसते. निकेलचा मुलामा असलेली पिन आणि आतून रबर असलेली प्लॅस्टिकची टोपी वापरावी. पावसाळ्यात चिखलातून ये-जा करणाऱ्या गाडीला तर टोपी हवीच. नवा टायर बसवताना व्हॉल्व्हचे रबरी सील, नट आणि पिनही बदलून घ्या.

बाजारातले टोपीसारखे बाहेरून लावायचे सेन्सर उपयोगी आहेत, पण ते व्हॉल्व्हची पिन दाबून ठेवतात. नीट बसले नाहीत तर तिथूनच हवा गळते. बसवल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहा.

गैरसमज : टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी कशाला?

वस्तुस्थिती : केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्ती किट असलेल्या कारला स्टेपनीची सक्ती राहिली नाही. कायदा सवलत देतो, आपले रस्ते देत नाहीत. किटने टायरच्या तळाचे लहान भोक बुजते. धारदार दगडाने बाजू फाटली तर किट निरुपयोगी ठरते. गडचिरोलीत आत जायचे असेल तर स्टेपनी घ्या आणि तिच्यातही हवा तपासा. अनेक गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावल्यावर दिवा जळत राहिला तर घाबरू नका.

जंगलात दिवा लागलाच, तर आधी वेग कमी करा. गाडी एका बाजूला ओढत नसेल आणि स्क्रीनवर दाबाचा आकडा झपाट्याने घसरत नसेल, तर सावकाश पुढच्या गावापर्यंत जा. गाडी ओढत असेल किंवा आकडा घसरत असेल, तर मोकळी, दूरवर दिसणारी जागा पाहून थांबा. सांजवेळी झुडपांच्या कडेला चाक बदलायला बसू नका.

साधा हवा मोजायचा गेज गाडीत ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, पहाटे टायर थंड असताना पाचही चाके मोजा. स्टिकरवर ३३ आणि गेजवर २९ दिसले, तर पंपावर टायर गरम असताना जो आकडा दिसेल त्यात ४ वाढवून घ्या. दिवा हा शेवटचा इशारा आहे. त्याची वाट पाहू नका.