बागबाजारचे जुने लाकूड: वापरलेले फर्निचर घेताना काय पाहावे

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठी वसलेल्या बागबाजार परिसरातील जुने वाडे गेल्या काही दशकांत एकामागून एक पाडले जात असून, त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. इमारत बांधणाऱ्यास तेथे सर्रास 'प्रमोटर' म्हणतात. प्रमोटरशी करार होतो, भावाभावांत सदनिकांची वाटणी होते आणि प्रश्न उरतो तो दोन-तीन पिढ्यांच्या लाकडी सामानाचा. उंच दालनांसाठी घडवलेली कपाटे सदनिकेच्या दारातून आत जात नाहीत. चार खांबांचा पलंग जिन्याच्या वळणावर अडतो. असे सामान मग विकले जाते, आणि बहुधा घाईने.

ही घाईच जुने फर्निचर घेऊन दुरुस्त करू इच्छिणाऱ्या सामान्य कुटुंबाची संधी असते. तिच्यातच धोकाही आहे. चांगली वस्तू मिळाली तर ती पुढच्या पिढीपर्यंत टिकते. पारख चुकली तर पैशांबरोबर घरात कीडही येते.

मराठी वाचकांना बागबाजार हे नाव अन्य कारणानेही परिचित असेल. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खणण्यास घेतलेल्या 'मराठा खंदका'चे उत्तर टोक येथेच होते. खंदक पूर्ण झाला नाही व पुढे बुजवला गेला.

ब्रह्मदेशचा साग

एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमधील सधन घरांचे फर्निचर मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशातील सागाचे असे. रंगूनहून समुद्रमार्गे येणारे लाकूड कोलकात्याच्या बंदरात उतरे. बागबाजारच्या दक्षिणेस, नदीकाठी असलेला निमतला परिसर आजही लाकडाच्या वखारींसाठी ओळखला जातो. या वखारींना बंगालीत 'काठगोला' म्हणतात.

या सागाचा इतिहास महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला ब्रह्मी दरबाराने १८८५ मध्ये सागाच्या तोडीवरून मोठा दंड ठोठावला. ते निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि पदच्युत थिबा राजाला रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या सागात तेलयुक्त अंतःकाष्ठाचे, म्हणजे खोडाच्या आतल्या गर्द भागाचे, प्रमाण अधिक असते. लागवडीतील कोवळ्या सागात बाहेरचे फिकट रसकाष्ठ अधिक येते, आणि किडीला तेच प्रिय असते. त्यामुळे जुने कपाट विकत घेणारा प्रत्यक्षात नव्याने सहसा न मिळणारे लाकूड विकत घेत असतो. कोरीव काम, आरसे, पितळी मुठी ही त्यावरची वरकड.

मागची बाजू आधी पाहावी

पारख करताना चकाकीकडे दुर्लक्ष करणे हिताचे. विक्रीपूर्वी गडद पॉलिशचा हात फिरवून साध्या लाकडाला साग किंवा शिसवी भासवणे कठीण नसते. खण पूर्ण बाहेर काढावा आणि ज्या भागाला पॉलिश लागलेले नाही तेथील रेषा, रंग व वजन पाहावे. मागच्या फळ्या आणि खणांचे तळ पूर्वीही पुष्कळदा स्वस्त लाकडाचे करीत. यात फसवणूक नाही. मात्र कीड प्रथम तेथेच लागते.

लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची भोके टाचणीच्या डोक्याएवढी, गोल असतात. जुनी, काळवंडलेली भोके फारशी चिंतेची नसतात. भोकाखाली फिकट, ताजा भुगा दिसला तर कीड जिवंत आहे असे समजावे. शंका असल्यास वस्तूखाली काळा कागद अंथरून एक-दोन दिवसांनी पाहावे. वाळवीची खूण वेगळी: मातीच्या बारीक नळ्या, आणि बोटाने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज. कोलकात्याच्या दमट हवेत तळमजल्यावर राहिलेल्या सामानाचे पाय विशेष तपासावेत. गाद्या असलेल्या खुर्च्यांत ढेकणांची शक्यता असते, आणि नुसते उन्हात ठेवल्याने ते मरतातच असे नाही.

यानंतर सांधे. खाचेत बसवलेली कूस किंवा पंख्याच्या आकाराचे दाते एकमेकांत गुंतवलेला, सुतार ज्याला डव्हटेल म्हणतात तो सांधा, हे चांगल्या कामाचे लक्षण होय. असा सांधा हलत असला तरी वस्तू नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी सांध्यांना प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस लावीत. गरम पाणी व वाफेने तो सुटतो. त्यामुळे खुर्ची न मोडता उकलून पुन्हा जोडता येते. मात्र मधल्या काळात कोणी तिच्यात खिळे ठोकले असतील किंवा आधुनिक गोंद ओतला असेल, तर काम अवघड होते. तुटलेल्या खुर्चीपेक्षा वाईट दुरुस्त केलेली खुर्ची अधिक महाग पडते.

पॉलिश आणि ऋतू

जुन्या सामानावरील झिलई सामान्यतः चपड्याची, म्हणजे लाखेची असते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून आतल्या बाजूस घासावा. तो चिकट होऊन तपकिरी झाला तर चपडा आहे असे मानण्यास हरकत नाही. लाख शहरापासून फार दूरची नव्हे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया आणि शेजारच्या झारखंडमध्ये तिचे उत्पादन मोठे आहे. चपड्याचे पॉलिश पूर्ण खरवडून काढण्याची गरज क्वचितच पडते. साफसफाई करून त्यावरच नवे थर देता येतात. यंत्राने घासण्याचा आग्रह धरणाऱ्या कारागिरास आवरावे, कारण वरचा थर पातळ व्हिनिअरचा असल्यास तो काही मिनिटांत उडून जातो.

पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये. हवेतील ओलाव्याने चपड्यावर पांढुरके सावट येते. दुर्गापूजेनंतरची कोरडी हवा त्यास उत्तम.

रंगवलेल्या वस्तूंबाबत अधिक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांश ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत ते कितीतरी अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते. लहान मुले असलेल्या घरात तर हे काम घरी करूच नये.

कोठे मिळते

वाड्यांतून निघालेले सामान अनेक वाटांनी बाजारात येते. दारोदार फिरणारा 'बिक्रीवाला' किरकोळ वस्तू नेतो. बहूबाजार भागात फर्निचरच्या दुकानांची जुनी परंपरा आहे. रसेल स्ट्रीटवरील रसेल एक्सचेंज हे १९४० मध्ये सुरू झालेले लिलावगृह सर्वांत प्रसिद्ध; त्याच्यावर २०१४ मध्ये माहितीपटही निघाला. लिलावातील माल 'जसा आहे तसा' या अटीवर विकला जातो, म्हणून बोलीच्या आधी जाऊन वस्तू पाहणे आवश्यक. बोलीच्या वेळी खण उघडून पाहण्यास सवड नसते. मुंबईच्या चोरबाजारातही वेगळे काही सांगावे लागू नये.

परदेशी राहणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलाकोष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिसवीच्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंधही आहेत.

देशांतर्गत स्थलांतरातही अडचण येते, ती हवामानाची. कोलकात्यात वर्षानुवर्षे दमट हवेत राहिलेले कपाट ऐन एप्रिलमध्ये नागपूरला आणले, तर लाकूड आडव्या दिशेने आकसते आणि दारांच्या फळ्यांना चिरा जातात. पावसाळा संपताना आणल्यास ते हळूहळू कोरडे होते. जुन्या सुतारांनी ही हालचाल गृहीत धरून दाराच्या मधल्या फळ्या चौकटीच्या खाचेत मोकळ्या बसवलेल्या असतात. त्या खुळखुळतात म्हणून गोंद भरून घट्ट करण्याचा मोह दुरुस्ती करणाऱ्याला होतो. तसे केल्यास पुढच्याच उन्हाळ्यात फळी मधोमध फाटते.